जेनेटिक कोड आणि गेम थिअरी: पण यात खेळाडू कोण?

अर्थमास्तर (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी विज्ञानाचा माणूस नाही. बार्शीला ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. मागणी, पुरवठा, घटती सीमान्त उपयोगिता, आणि पोर्शन संपून वेळ उरलाच तर शेवटच्या आठवड्यात गेम थिअरीतला कैद्यांचा पेच. वेळ सहसा उरायचा नाही.

दिवाळीत भाची आली होती. बायोटेकमध्ये एमएस्सी करते. फराळाला बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, तुमची गेम थिअरी आमच्याकडेपण आलीय. जेनेटिक कोड कसा घडला ते तिनं सांगतात." म्हटलं, गप बस. कैदी दोन, फौजदार एक, कुणी तोंड उघडलं तर किती वर्षं आणि गप्प राहिलं तर किती, सगळं चौकटीत मांडलेलं असतं. पेशीत कैदी कोण आणि फौजदार कोण? तिनं किराणा मालाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर जे काढून दाखवलं ते इथे उतरवतो. चुकलं तर कान धरा.

जीनची कामापुरती नक्कल म्हणजे एम-आरएनए. त्यात अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणायचं. चाराचा घन ६४, म्हणून शब्द ६४. त्यातले ३ पूर्णविराम. उरलेल्या ६१ शब्दांना अर्थ मात्र २०च, म्हणजे २० अमिनो ॲसिडं, ज्यांची माळ ओवली की प्रोटीन होतं. वाटणीही सारखी नाही. ल्युसिन, सेरीन आणि आर्जिनिनला सहा-सहा शब्द, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच. (आमच्या चुलत्यांनी केलेली जमिनीची वाटणी आठवली, ते असो.) यूयूयू म्हणजे फेनिलॲलनिन, हा कोशातला पहिला शब्द निरेनबर्ग आणि मथाई यांनी १९६१ साली लावला. पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळा कोश लागला. त्यात हरगोविंद खोरानांचा मोठा हात, त्यांचं १९६८चं नोबेल त्याचंच. आणि आतड्यातल्या ई. कोलायपासून शेतातल्या तुरीपर्यंत आणि तुरीपासून माझ्यापर्यंत हा कोश जवळजवळ एकच.

त्याच १९६८ साली फ्रान्सिस क्रिकनं एक कल्पना मांडली: हा 'गोठलेला अपघात' असू शकतो. शब्दाला अर्थ कसाही चिकटला असेल, पण एकदा चिकटल्यावर बदलायची सोय राहिली नाही.

इथे माझी गाडी अडते. अपघातच असेल तर सिद्धान्त कशाला? आणि गेम म्हटली की हितसंबंधांची ओढाताण आली. विकणाऱ्याला जास्त हवेत, घेणाऱ्याला कमी द्यायचेत. इथे संदेश लिहिणारा जीन आणि तो वाचणारी यंत्रणा एकाच पेशीत नांदतात. पेशी मेली की दोघंही मेले. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांत कसला डाव? भाचीला विचारलं तर म्हणाली, "मामा, मला ते सेमिनारपुरतंच माहितीय." म्हणून इथे विचारतोय.

पेट्रीडिश

मास्तर, अडायला हवं नेमकं तिथेच अडलात. मी टी-आरएनएवर (कोडॉन ओळखून त्याचं अमिनो ॲसिड वाहून आणणाऱ्या रेणूवर) पीएचडी केलीय, तेव्हा थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

ओढाताण नसली तरी गेम असते. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञानं १९६९ साली रूढी म्हणजे काय यावर पुस्तक लिहिलं. त्यातला डाव असा: एकाला परिस्थिती दिसते पण काही करता येत नाही, दुसऱ्याला करता येतं पण परिस्थिती दिसत नाही. मध्ये नुसत्या खुणा, आणि खुणांना स्वतःचा असा काही अर्थ नाही. जुळलं तर दोघंही जिंकले, नाही जुळलं तर दोघंही हरले. भांडण नाहीच. कोडं एवढंच की कुणी न ठरवता खुणेला अर्थ येतो कुठून. खेळाडूला डोकं असायलाही लागत नाही. मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी १९७३ साली प्राण्यांच्या झुंजींना गेम थिअरी लावली ती याच भरवशावर: ज्याची चाल लागू पडते त्याची पिल्लं वाढतात, बाकी हिशेब निसर्ग करतो.

आता खेळाडू. सांगणारा म्हणजे जीन. ऐकणारा म्हणजे टी-आरएनए, आणि त्याच्या टोकाला अमिनो ॲसिड चढवणारं एन्झाइम, सिंथेटेज. लोकांना वाटतं कोश रायबोसोममध्ये, म्हणजे माळ ओवणाऱ्या यंत्रात असतो. नसतो. १९६२ साली शाप्विल, लिपमन आणि मंडळींनी एक खोडसाळ प्रयोग केला. सिस्टिनच्या टी-आरएनएवर सिस्टिन चढू दिलं आणि मग निकेल वापरून त्याचं जागच्या जागी ॲलनिन करून टाकलं. रायबोसोमनं ते निमूटपणे सिस्टिनच्या जागी ओवलं. बिल्ला बघून आत सोडलं, माणूस कोण ते पाहिलंच नाही. म्हणजे शब्दाला अर्थ लागतो तो सिंथेटेजच्या टेबलावर.

आणि ते टेबल सांभाळणं सोपं नाही. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांत फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा. एवढ्याशा फरकावर एन्झाइम २०त एकदा तरी फसेल असा रसायनशास्त्रज्ञ पाउलिंगचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण ३,०००त एकदा फसतं. कारण चाळण्या दोन आहेत. पहिलीची भोकं आयसोल्युसिनच्या मापाची, त्याहून मोठं काही आत येत नाही. व्हॅलिन लहान, ते घुसतं. मग दुसरी बारीक चाळण, तिच्यातून फक्त व्हॅलिन खाली पडतं, आणि पडलं की तिथे तोडलं जातं. रवा-मैदा चाळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मी चार वर्षं हेच मोजत होतो. किरणोत्सारी अमिनो ॲसिड, फिल्टर पेपरच्या रुपयाएवढ्या चकत्या, दर मिनिटाला एक थेंब चकतीवर आणि चकती बर्फगार ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये. टी-आरएनएला चिकटलेलं तेवढं कागदावर उरतं, बाकीचं धुऊन जातं. मग चकत्या वाळवून काउंटरमध्ये. एकदा घाईत पेन्सिलीऐवजी पेननं नंबर घातले आणि शेवटच्या इथेनॉलच्या धुण्यात सगळे वाहून गेले. ३६ चकत्या, कुठली कुठल्या मिनिटाची, पत्ता नाही. गाइड काही बोलल्या नाहीत, फक्त पेन्सिलींचा आख्खा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

असो. गोठण्याकडे येतो. समजा एखाद्या टी-आरएनएनं ठरवलं, आजपासून सीयूजी म्हणजे ल्युसिन नाही, सेरीन. तो शब्द जिथे जिथे आहे त्या हजारो जागी एकदम घोटाळा. एकट्यानं चाल बदलली की तोटाच, म्हणजे तुमचा नॅश समतोल. पण असा समतोल एक नाही, ढिगानं आहेत. आहे त्याच रचनेत २० अमिनो ॲसिडांच्या नुसत्या जागा अदलून-बदलून बघितल्या तरी २४वर १७ शून्यं इतके कोश होतात. त्यांतला हाच का, आणि इथवर पोचलो कसे, हा गेम थिअरीचा प्रश्न. २०१३ साली जी, सुंडस्ट्रॉम, मॅसी आणि मिश्रा या चौघांनी क्रिकच्या गोठलेल्या अपघाताला सिग्नलिंग गेम, म्हणजे लुईसचा तो खुणांचा डाव, लावून बघितली होती. भाचीच्या सेमिनारात बहुधा तेच असणार.

सीयूजीचं उदाहरण हवेतून काढलेलं नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी कधी पांढरा थर धरतो ना, ती बुरशी, कँडिडा अल्बिकन्स. तिच्यात सीयूजी म्हणजे सेरीनच. पण सुमारे ३ टक्के वेळा अजूनही ल्युसिन पडतं. गोठलेलं वितळतं, मात्र मधला काळ दोन्ही अर्थ सोसावे लागतात.

तिरपा_डोळा

चाळण्या आवडल्या. पण गेम थिअरीनं यात नवीन काय दिलं? टेलर आणि योंकर यांच्या १९७८च्या ज्या समीकरणावर (जी चाल जास्त लागू पडते तिचं प्रमाण वाढतं, असं सांगणाऱ्या) हा सगळा डोलारा उभा आहे ते नैसर्गिक निवडीचंच समीकरण आहे, टोपी बदललेली. लोकसंख्या-जनुकशास्त्रवाले हे आधीपासून करत होते, फक्त 'खेळाडू' म्हणत नव्हते.

आणि कोश मनमानीच आहे हे तरी कशावरून? आर्जिनिनला धरून ठेवणारे आरएनए नळीत निवडून काढले तर नेमक्या धरण्याच्या जागी आर्जिनिनचे कोडॉन प्रमाणाबाहेर सापडतात, यारसच्या गटानं दाखवलंय. म्हणजे काही शब्दांना अर्थ रसायनानंच दिला असेल. तिथे कुठली आलीय रूढी?

आता कुणीतरी 'दहा लाखांत एक' फेकणारच, म्हणून आधीच सांगतो. फ्रीलंड आणि हर्स्ट यांनी १९९८ साली संगणकावर १० लाख कोश ढवळून काढले. एका अक्षराची चूक झाली तर नुकसान किती, यात आपल्या कोशाला मागे टाकणारा एकच निघाला. छान. पण त्यात कोणत्या चुका जास्त होतात त्याची वजनं घातलेली होती. १९९१ साली हेग आणि हर्स्ट यांनी वजनं न घालता हेच केलं तेव्हा १०,०००त दोन सरस निघाले होते. शिवाय नुकसान मोजायची पट्टी एकच: अमिनो ॲसिडाचं पाण्याशी किती जमतं. पट्टी बदलली की आकडा बदलतो.

खिळेजुळारी

विज्ञानातलं कळत नाही, पण 'गोठलेला अपघात' वाचून हात शिवशिवले. वडील सांगलीत छापखान्यात खिळे जुळवायचे, मी त्याच छापखान्यात डीटीपीला. १९९६-९७ची गोष्ट. तेव्हा मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजीच अक्षर, फाँट लावला की मराठी दिसायचं. कुठल्या जागेवर कुठलं चित्र, ही फाँट करणाऱ्याची मर्जी. एकाचा क तिथे दुसऱ्याचा अर्धा ष. एका लग्नपत्रिकेचा मजकूर पाहुण्यांनी पुण्याहून फ्लॉपीवर धाडला आणि तो फाँट आमच्याकडे नव्हता. आमच्या फाँटमध्ये उघडला तर 'चि. सौ. कां.'च्या जागी एक रफार, डॉलरचं चिन्ह, दोन वेलांट्या आणि अधांतरी टिंब. मुलीचे वडील खुर्चीमागे उभे. बराच वेळ बघून म्हणाले, "कानडी लावलंय का?"

तरी आम्ही फाँट बदलला नाही. मालकांकडे दोन कपाटं भरून फ्लॉप्या, सात वर्षांचा जॉबवर्कचा मजकूर, दर वर्षी तेच अहवाल, त्याच घटना-नियमावल्या, थोड्या दुरुस्तीनं परत. फाँट बदलला की सगळ्याचा कचरा. नवा कितीही सुबक असो. मागच्या बोळात एकानं नवं दुकान टाकलं होतं, त्यानं दोन वर्षांत तीनदा फाँट बदलला. त्याच्याकडे सांभाळायला होतं काय, व्हिजिटिंग कार्डं.

पुढे युनिकोड आलं आणि सुटलो असं वाटलं. पण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी मुळात १९८८च्या इस्की या भारतीय कोशावरून उचललेली. म्हणजे जुनं गोठण नव्या बर्फात.

पेट्रीडिश

खिळेजुळारी, दंडवत! तो बोळातला दुकानदार म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली वीजघरं, ज्यांचा स्वतःचा वेगळा छोटा डीएनए असतो. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए १६,५६९ अक्षरांचा, त्यात प्रोटीनं फक्त १३. तिथे यूजीए हा पूर्णविराम नाही, ट्रिप्टोफॅन आहे. १९७९ साली हे कळलं तेव्हा 'सगळीकडे एकच कोश' या समजाला तडा गेला. सांभाळायला मजकूर थोडा, त्यामुळे कोश बदलणं स्वस्त.

अर्थमास्तर

सर्वांचे आभार. पेट्रीडिश यांचं वाचून बैलबाजार आठवला. लहानपणी वडिलांबरोबर जायचो. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भावावरून दोघांची ओढाताण, पण कुठलं बोट म्हणजे किती, यावरून कधी वाद नाही. त्यावरूनच वाद झाला तर बैल विकायचा कसा? ३१ वर्षं मी भावाचंच शिकवलं. बोटांचं पोर्शनमध्ये नव्हतं.

तिरपा डोळा, नवीन काय ते मला सांगता येणार नाही, पण काल डाव घरी मांडून बघितला. भाचीनं फोनवर नियम सांगितले, नातू (इयत्ता चौथी) खेळायला तयार झाला. चार वाट्या. माझ्या दोन, एक 'ऊन' आणि एक 'पाऊस', दोन्हींत एक राजमा आणि एक पांढरा वाटाणा. नातवाच्या दोन, एक 'राजमा' आणि एक 'वाटाणा', दोन्हींत एक शेंगदाणा आणि एक चिंचोका. शेंगदाणा म्हणजे टोपी, चिंचोका म्हणजे छत्री. मी पेपरच्या आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर ऊन, काटा पडला तर पाऊस. ज्याचं दान पडलं त्या वाटीतून न बघता दाणा काढून पुढे ठेवायचा. नातवानं तो दाणा बघून आपल्या त्या नावाच्या वाटीत हात घालायचा. उन्हाला टोपी किंवा पावसाला छत्री जुळली तर दोघांनी आपापला दाणा परत टाकायचा आणि बरणीतून तसलाच आणखी एक घालायचा. नाही जुळलं तर नुसता परत. बस्स, एवढेच नियम, डोकं चालवायला मनाई.

पहिले वीसेक डाव नुसता गोंधळ. चाळिशीच्या पुढे पावसाच्या वाटीत राजमा जास्त दिसायला लागला. १०० डाव झाले तेव्हा त्या वाटीत ३० राजमे आणि ५ वाटाणे. राजमा म्हणजे पाऊस, हे आम्ही दोघांपैकी कुणीही ठरवलेलं नव्हतं! संध्याकाळी वाट्या रिकाम्या करून पुन्हा खेळलो, तर या वेळी वाटाणा म्हणजे पाऊस झाला. क्रिकसाहेबांचा अपघात मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघितला.

तिसऱ्या डावात मी खोडी केली. नाण्याऐवजी फासा घेतला आणि १ पडला तरच पाऊस धरला, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्याला शोभेल इतकाच. १०० डावांनंतर नातवाच्या दोन्ही वाट्यांत शेंगदाणेच शेंगदाणे. मी राजमा दाखवा नाहीतर वाटाणा, तो टोपीच काढतो. सहांत पाच वेळा बरोबरच येतं, त्यामुळे काही सुधारेना. "आजोबा, छत्री येतच नाहीये," म्हणून कंटाळून उठला. हिनं तोवर ओट्यावर येऊन उसळीचा राजमा कुठे गेला म्हणून चौकशी सुरू केली होती.

तर प्रश्न असा. दोन दाणे, अर्थ एकच. ६१ शब्दांना २० अर्थ हे याच जातीचं आहे का?

पेट्रीडिश

मास्तर, अर्धं हो. तुमच्या वाटीत झालं त्याला पूलिंग म्हणतात. दोन्ही हवामानं समसमान असतील तर तुमच्या वाट्या शेवटी खात्रीनं खुणेच्या भाषेवर येतात, हे गणितानं सिद्ध झालंय, २००९ साली. समसमान नसतील तर ती खात्री जाते, नातू कायमचा टोपीत अडकू शकतो.

कोशात बघा. मधलं अक्षर यू असलेले १६ कोडॉन घ्या: फेनिलॲलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन, व्हॅलिन. सगळी तेलकट, पाण्यापासून पळणारी. मधलं ए असेल तर बहुतेक पाण्यात रमणारी. सुरुवातीची यंत्रणा ढिसाळ होती आणि तिला 'तेलकट दे' किंवा 'पाण्यातलं दे' एवढंच कळत असावं, मग चाळण्या बारीक होत गेल्या तसतसे अर्थ फुटत गेले, असा तर्क आहे. ऐकणारा कानानं अधू असेल तर जवळच्या अर्थांना सारखे आवाज दिलेले बरे. चुकीचं ऐकलं तरी साखरेऐवजी गूळ येतो, मीठ येत नाही. म्हणून हे गोठण्याआधीचं तडजोडीचं खातं आहे, अडकणं आणि शहाणपण दोन्ही त्यात.

नातवाला मात्र सोडवता येईल. फासा तोच ठेवा, पण पावसात छत्री मिळाली तर एकाऐवजी पाच दाणे घाला. पाऊस सहांत एकदा, बक्षीस पाच. ऊन सहांत पाचदा, बक्षीस एक. पारडी सारखी झाली. बघा काय होतं.

तिरपा_डोळा, समीकरण तेच आहे, मान्य. रसायनानं काही शब्दांना सुरुवातीचा धक्का दिला असेल, तेही मान्य. पण एकेका वंशाचा वेगवेगळा हिशेब केला तर सगळ्या सृष्टीत एकच कोश का, ते निघत नाही. वेट्सिजियन, वूज आणि गोल्डनफेल्ड यांनी २००६ साली मांडलं ते असं: त्या काळी पेशी एकमेकींचे जीन सर्रास उचलायच्या. शेजारणीचा जीन वापरायचा तर तिचा कोश वाचता यायला हवा. म्हणजे माझा कोश चांगला की वाईट हे आजूबाजूला कोणता चालतो यावर ठरणार. फायदा दुसऱ्याच्या चालीवर अवलंबून असला की मी त्याला गेम म्हणतो. तुम्ही काहीही म्हणा.

आणि मास्तर, चुलीवरचं राहिलं. चूल एक असली तरी दारात फुकटे उभे असतातच, विषाणू. त्यांच्याकडे स्वतःचा छापखाना नसतो, ते तुमच्या कोशात लिहिलेला मजकूर घेऊन येतात आणि तुमच्याकडून छापून घेतात. केंब्रिजमध्ये जेसन चिन यांच्या प्रयोगशाळेनं २०१९ साली ई. कोलायचा सुमारे ४० लाख अक्षरांचा जीनोम नव्यानं लिहून काढला, १८,२१४ जागी शब्द बदलून. सेरीनचे दोन कोडॉन आणि एक पूर्णविराम हद्दपार. २०२१ साली ते तीन शब्द वाचणारी यंत्रणाही काढून टाकली, आणि प्रयोगात सोडलेल्या विषाणूंना त्यात वाढता येईना, कारण त्यांच्या मजकुरातले ते शब्द वाचायलाच कुणी नाही. पण पुढे असेही विषाणू सापडले जे आपला टी-आरएनए बरोबर घेऊन येतात, दुभाष्या खिशात घालून. मग हार्वर्डच्या एका गटानं २०२३ साली ते सेरीनचे दोन शब्द ल्युसिनला देऊन टाकले. आता विषाणूचा मजकूर वाचला जातो, पण सेरीनच्या जागी ल्युसिन ओवलं जातं आणि त्याची प्रोटीनं वाया जातात. पत्त्याच्या या हाताला मी तरी दाद दिली. किंमत मात्र आहे. जो विषाणूंपासून तुटला तो शेजाऱ्यांच्या जीनपासूनही तुटला.

मांडवीकर

अवांतर वाटेल. १९२८ साली पोर्तुगालनं रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. गोव्यात राज्य त्यांचंच, पण इथे डावीच राहिली, कारण हद्दीपलीकडे सगळी वाहतूक डावीकडून. मकाव आणि मोझांबिकमध्येही तेच. लिस्बनचा हुकूम काहीही असो, समोरून सावंतवाडीची गाडी येतेय!

तिरपा_डोळा

मांडवीकर, हे पटलं. शेजाऱ्याचा मुद्दा मान्य करतो. आर्जिनिन सोडणार नाही.

अर्थमास्तर

पाच दाण्यांचा डाव आज झाला. राजम्यावर बंदी आल्यानं त्याच्या जागी चवळी घेतली. बराच वेळ पूर्वीसारखंच, टोपी टोपी टोपी. साठाच्या आसपास लागोपाठ दोनदा १ पडला, दोन्ही वेळा माझ्या हाताला चवळी लागली आणि नातवाच्या हाताला चिंचोका. एका दमात दहा-दहा दाणे. तिथून पुढे चवळी म्हणजे पाऊस, जवळजवळ न चुकता. नातू ओट्यावर चढून नाचला.

त्यानं सगळे नियम समोरच्या वाड्यातल्या मित्राला शिकवलेत. तो काल त्याच्या आजीबरोबर खेळला, त्यांच्याकडे वाटाणा म्हणजे पाऊस निघालाय. उद्या शाळा सुटल्यावर दोघं आपापल्या भरलेल्या वाट्या घेऊन एकमेकांसमोर बसणार आहेत. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावरून आत्ताच भांडण सुरू झालंय.